मूठ दिसेपर्यंत

शिमगा जवळ आला की आमच्या जळोचीच्या गॅलरीत काळ्या, लांबट काड्या उडत येऊन पडतात. पलीकडच्या रानातला ऊस तुटून गेलेला असतो आणि कुणीतरी पाचट पेटवलेलं असतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्याला हात लावायची सोय नसते. हवेत मळीचा आंबूस वास, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्कश लावलेली गाणी, आणि घरात टेबलावर प्रात्यक्षिकांच्या वह्यांचे गठ्ठे. हा सगळा सरंजाम दरवर्षी ठरल्या वेळी येतो. मीही ठरल्यासारखी स्वतःला बजावते, यंदा काही होणार नाही मला. आणि मग काहीतरी होतंच.

यंदा ते वर्गात झालं. मी बारामतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीची परीक्षा सुरू असली तरी अकरावीचे तास असतात, आणि त्या दिवसांत मुलं अभ्यासक्रम सोडून सगळं विचारतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, चिंपांझी शिव्या देतात का?"

वर्ग खिदळला. तिनं मोबाईलवर काहीतरी पाहिलं होतं. काचेपलीकडच्या गर्दीकडे बघून एक चिंपांझी हात झटकत होता, अगदी आपण "चल, फूट" म्हणतो तसा. मी हसले, फळ्याकडे वळले आणि म्हटलं, "उद्या सांगते."

तो उद्या अजून उगवलेला नाही. उत्तर येत नाही म्हणून नव्हे. उत्तर मला चांगलं येतं, तीच अडचण आहे.

माकडं आणि वानरं सोडा, पण ज्यांना आपण मोठे कपी म्हणतो ते चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, बोनोबो, त्यांचे हातवारे आपल्या ओळखीचे असतात. पाठीवर हात ठेवतात. नको असलेल्याला हात झटकून घालवतात. बोलता न येणाऱ्या आपल्या तान्ह्या पोरांच्या खुणा आणि त्यांच्या खुणा बऱ्याच जुळतात. आणि सगळ्यांत सारखी खूण म्हणजे उताणा पुढे केलेला हात. दे. मला दे. जंगलातला चिंपांझी तोंडात घास असलेल्या दुसऱ्यासमोर असाच हात धरतो, आणि बसस्टँडवरची म्हातारीही असाच धरते. शिव्यांचं म्हणाल, तर हातवाऱ्यांची भाषा शिकवलेल्या एका चिंपांझी मादीबद्दल मी वाचलं होतं. तिला "घाण" ही खूण खऱ्याखुऱ्या घाणीसाठी शिकवली होती. पुढे ती, तिचं न ऐकणाऱ्या माणसालाही तीच खूण करायला लागली. म्हणजे भाषा मिळाल्यावर बाईसाहेबांनी आधी काय केलं, तर शिवी बनवली.

हे सगळं मी पूर्वी फार रंगवून सांगत असे. वर्ग खूश व्हायचा. उताणा हात म्हणजे "दे", हे तर मी फळ्यावर चित्र काढून सांगायची. आता त्या चित्रापाशी माझा खडू अडतो.

*

आप्पा माझे वडील. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला त्यांची कालव्याच्या चारीवरची जमीन, ऊस आणि थोडी डाळिंबं. संक्रांतीच्या आधी एका सकाळी बांधावरच कोसळले. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. दवाखान्यातून सोडताना दादा म्हणाला, "सुमे, तुज्याकडंच ठेव. बारामतीत दवाखानं हायेत. हितं काय हाय? तू शिकलेली, तुला कळतंय समदं." दादा माझा थोरला भाऊ. तो चुकीचं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही. शिकलेली असण्याचा एक सापळा असतो. माणूस त्यात स्वतःच्या पायानं चालत जातो आणि वर कौतुकही करून घेतो.

आमची सदनिका दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. जिन्याच्या वळणावर त्यांनी डाव्या हातानं कठड्याचा गज पकडला आणि सोडेनात. मी एकेक बोट उचलून सोडवलं. "आप्पा, पडाल ना," मी म्हणाले. त्यानंतर नऊ आठवडे त्यांनी जमीन पाहिली नाही.

त्यांची खोली गॅलरीच्या बाजूची. खिडकीला लोखंडी जाळी, कारण शेजारच्या रानातली वानरं इमारतीत येतात आणि भाकरीचा डबा उघडायला त्यांना माणसांपेक्षा कमी वेळ लागतो. एक थोराड हुप्प्या रोज दुपारी गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसायचा आणि जाळीतून आप्पांकडे बघायचा. आप्पा त्याच्याकडे बघायचे. मी वह्या तपासायची. पंखा फिरत असायचा. अशा किती दुपारी गेल्या, मोजल्या नाहीत.

सगळे शब्द गेले तरी एक शब्द राहिला होता. "मुडद्या."

डॉक्टरांनी समजावलं होतं, असं होतं म्हणून. शब्दांची कोठी रिकामी झाली तरी शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात, त्या कधीकधी वाचतात. मला ते शास्त्र म्हणून पटलं. पण घरात ऐकायला लागल्यावर शास्त्र कुठल्या कुठे गेलं. आप्पा घरात कधी शिवी देणारे नव्हते. आई होती तोवर तर घरात त्यांचा आवाजच नसायचा, तांब्या पुढे केला की पाणी, ताट सरकवलं की झालं. आणि आता हे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना "मुडद्या". माझ्या यजमानांना "मुडद्या". औषधाच्या गोळीला, वाटीला, पंख्याला, मला. आवाज मात्र आजारी नव्हता. बांधावरून पल्याड पोचणारा होता.

वरच्या मजल्यावरची मुलगी बारावीला होती. तिच्या आईनं जिन्यात मला अडवून फार गोड आवाजात विचारलं, "आजोबांना राग फार येतो का हो?" त्या दिवसापासून मी खिडक्या बंद करायला लागले. फाल्गुनाचं ऊन, सिमेंटच्या तापलेल्या भिंती, आणि खिडक्या बंद. आप्पांच्या कपाळावर घाम यायचा, मी पुसायची, ते म्हणायचे, "मुडद्या." मी म्हणायची, "हो आप्पा, झालंच." काय झालंच, ते देव जाणे. घरात आम्ही दोघं कोंडलेलो होतो आणि कडी माझ्या हातात होती, म्हणून मी स्वतःला मोकळी समजत होते.

*

आणि तो हात.

जेवण भरवायला बसलं की तो यायचा. वाटीत मऊ भात, नाहीतर नाचणीची पेज. दोन चमचे जायचे, तीन जायचे. मग आप्पा डावा हात पुढे करायचे. लांब, सरळ. पंजा उताणा. तसाच धरून ठेवायचे, मग मनगट वळायचं, पंजा पालथा व्हायचा आणि हात बाजूला पडायचा. पुन्हा उचलायचे. पुन्हा उताणा.

मला काय शंका असणार? आयुष्यभर फळ्यावर तेच काढलेलं. दे. मला दे. मी पुढचा चमचा भरायची. ते तोंड फिरवायचे, मी समोर जायची. "मुडद्या!" मी म्हणायची, "अहो मागता ना, मग घ्या की." घास घशात अडायचा, ठसका लागायचा, पाठ चोळायची, पाणी पाजायची. पाण्याचाही ठसका. मग डोळे मिटून पडून राहायचे. तासाभरानं पुन्हा वाटी, पुन्हा तो हात.

मला वाटायचं, मागतात आणि गिळता येत नाही. म्हणजे भूक आहे, नुसती वाट अडलीय. रात्री मी यांना तेच सांगायची आणि रडायची. मागणाऱ्याला देता येत नाही, याच्याइतकं वाईट काही नसतं असं मला वाटत होतं. याहून वाईट असतं. ते मला नंतर कळलं.

वजन उतरत चाललं तसं डॉक्टरांनी पोटात नळी बसवायचं सुचवलं. पोटाला छोटंसं भोक, त्यातून थेट अन्न. पुण्याला जावं लागणार होतं. "त्यांची इच्छा काय आहे, कळतं का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे म्हणाले, "हो. जेवायला मागतात ते. हात पुढे करतात." शिमग्यानंतरचा सोमवार ठरला. दादानं गाडी सांगितली.

त्या आठवड्यात मी हात पुढे झाला की आप्पांना सांगायची, "सोमवारी, आप्पा. सोमवारनंतर पाहिजे तेवढं." ते माझ्याकडे असे बघायचे की मी नजर वाटीत घालायची.

*

होळीच्या संध्याकाळी इमारतीखाली गोवऱ्या रचल्या होत्या. पोरांनी पेटवली आणि बोंबा सुरू झाल्या. उलटा हात तोंडावर आपटत, एका सुरात. खिडक्या बंद असूनही आवाज आत येत होता. मी पुरण वाटत होते. खोलीतून एकदम तसाच आवाज आला.

धावत गेले तर आप्पांनी डावा हात उलटा करून तोंडाशी नेला होता आणि बोंब मारत होते. उशीवर तिरपे पडलेले, एका बाजूनं ओठ लोंबलेला, पण बोंब पुरी. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे हसत होते. मीही हसले आणि हसता हसता खिडकीकडे बघितलं, घट्ट लागलीय ना म्हणून. होळीच्या दिवशी अख्खं गाव बोंबलतं, तरी मी माझ्या बापाच्या बोंबेला कडी लावत होते.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी दहाच्या सुमारास ज्ञानूतात्या आला. तात्या आप्पांच्या शेजारच्या रानाचा मालक. दोघांचं रान एकाच चारीवर, चाळीस वर्षं दोघांची सावड. म्हणजे ह्याच्या पाण्याच्या पाळीला त्यानं राबायचं, त्याच्या पाळीला ह्यानं. हातात पिशवी, पिशवीत उसाची दोन कांडकी आणि डाळिंबं. जिना चढून धापा टाकत दारात उभा राहिला. टोपी काढली, घाम पुसला, खोलीत गेला.

आप्पांनी त्याला पाहिलं आणि खणखणीत आवाज टाकला. "मुडद्या!"

मी ओशाळून म्हटलं, "तात्या, मनावर घेऊ नका, त्यांना आता..."

तात्याचा चेहरा उजळला होता. "तू मुडदा!" तो ओरडला. "तुजा बा मुडदा! हितं येऊन गादीवर लोळतोयस व्हय, आन् तितं मी एकटा मरतोय?"

"मुडद्या!"

"व्हय व्हय, म्हन की! लय दिसांनी कुनी आईबापाची आठवन काढली बग!"

पाच मिनिटं हेच चाललं होतं. एकाकडे एकच शब्द, दुसऱ्याकडे शंभर, पण वाद बरोबरीचा होता. आप्पांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी, तोंडावर ते तिरपं हसू. तात्या खाटेच्या कडेला बसून त्यांच्या निर्जीव उजव्या पायाला चापटी मारत होता, आणि मी दारात उभी. इतक्या दिवसांत मी आप्पांशी किती बोलले असेन. गोड बोलले, हळू बोलले, लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. त्यांच्याशी भांडलं मात्र कुणी नव्हतं. त्यांना माणसात घेऊन कुणी उलटून शिवी घातली नव्हती.

"पेजेची वेळ झालीय," मी म्हटलं, कारण मला दुसरं काही सुचेना. वाटी घेऊन बसले. तात्या स्टुलावर सरकला. दोन चमचे गेले. तिसरा गेला. आप्पांनी हात पुढे केला. उताणा. धरला. पालथा केला. पडू दिला. "मुडद्या."

मी चमचा भरला.

आणि तात्याचा उजवा हात वर गेला होता. कोपरात सरळ, डोक्याच्या वर, मूठ आवळलेली. त्याला स्वतःलाही ते कळलेलं दिसलं नाही. मग कळलं. हात तसाच वर राहिला आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"सुमे," तो म्हणाला, "चमचा खाली ठेव."

"का?"

"कवापासनं करतोय त्यो आसं?"

"जेवायच्या वेळेला रोजच. मागतात ना ते. भूक आहे, पण गिळता..."

"मागत न्हाय गं, पोरी." तात्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्यो म्हनतोय, माजं भिजलं. पानी पुढं सोड."

मी चमचा वाटीत ठेवला. तो सांगत गेला. चारीच्या दारावर, म्हणजे पाणी रानात वळवायच्या तोंडावर, एक जण खोरं घेऊन उभा राहायचा, दुसरा रानाच्या शेवटच्या टोकाला. मध्ये दोन-तीनशे पावलांचं अंतर, वाऱ्यानं सळसळणारा ऊस, कुणाचं तरी इंजिन चालू. हाक पोचत नाही. टोकापर्यंत पाणी आलं की बांधावर चढून हात करायचा. पंजा उताणा, म्हणजे वाफा भरला. पंजा पालथा, म्हणजे मोड दार, जाऊ दे पुढच्याला. दारावरच्यानं ते पाहिलं की मूठ वर करायची. ऐकलं, मोडतो.

"आन् मूठ दिसंपतूर हात खाली घ्यायचा न्हाय. हात करत ऱ्हायचं आन् शिव्या देत ऱ्हायचं. दारावरचा येंधळा आसला तर पानी पार रान बुडवंल की. जास्ती पानी झाल्यावर उसाचं काय हुतं, तुला ठावं आसंल. शिकिवतीस तू."

मला ठाऊक होतं. मुळ्यांना हवा मिळत नाही. ऊस पिवळा पडतो. मुळी कुजते.

"त्यो दारावरच्याला नेमी मुडद्याच म्हनायचा," तात्या म्हणाला. "चाळीस वरीस मलाच."

*

मी ती खूण पाहिलेली होती. हे लिहायला हात धजत नाही, पण पाहिलेली होती. सातवी-आठवीत असताना आई भाकरी घेऊन मला बांधावर पाठवायची. मी लिंबाखाली फडकं ठेवून पुस्तक उघडायची. दूर बांधावर आप्पा हात लांब करून उभे, तोंडानं शिव्यांचा पट्टा. मला त्यांची लाज वाटायची. वाटायचं, आपण खूप शिकायचं आणि या आरडाओरड्यातून बाहेर पडायचं. पोरीच्या जातीला कुणी दार धरायला बोलवत नव्हतं हे खरं, पण मीही कधी मान वर करून विचारलं नाही की आप्पा, हा हात कशाला?

शिकले. जंगलातल्या चिंपांझीचा हात वाचायला शिकले. बापाचा वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला निदान ते ठाऊक नसतं.

सगळं कळल्यावर मी काय केलं? काहीच नाही. धुळवडीपासून शनिवारपर्यंत मी न कळल्याचं सोंग केलं. तात्या म्हातारा झालाय, असं स्वतःला सांगितलं. भिजलं म्हणजे पोट भरलं, एवढंच असेल. दोन घासांनी पोट भरतं आजारी माणसाचं. पण सोमवार जवळ आला तसं मला ते "पुढं सोड" ऐकू यायला लागलं, आणि मी कामं काढली. वह्या तपासल्या, डबे घासले, नको असलेलं कपाट आवरलं. मूठ वर केली की पाणी पुढे जाणार होतं, आणि मग माझ्या हातात आप्पा राहणार नव्हते. तोवर ते बंद खोलीत घामेजून, ठसकत, शिव्या देत का होईना, माझ्याकडे होते. अडवून धरणाराही अडकलेला असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. ते मागत नाहीत. ते म्हणाले, "मग आग्रह करू नका. मागतील तेवढं द्या, ओठ ओले ठेवा. नळीचं तुम्ही घरी बोलून ठरवा."

दादा फोनवर ओरडला. "येडी झालीस का? बापाला उपाशी मारतीस?" मी म्हटलं, "दादा, आप्पांनी हात केलाय. ज्ञानूतात्याला विचार." दादानं दार धरलेलं होतं. त्याला अर्थ सांगावा लागला नाही. त्याचा आवाज उतरला, "उताना-पालता?" मी "हो" म्हटलं. "मला का न्हाय केला त्येनं?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, पलंगापाशी उभ्या उभ्या पाच मिनिटं बसल्यासारखं करायचा आणि कारखान्यावर नंबर लागलाय म्हणून निघून जायचा. जेवण भरवताना तो कधी नव्हताच.

रविवारी दुपारी हे बाहेर गेले होते. मी पेज घेऊन बसले. हुप्प्या कठड्यावर येऊन बसला होता. एक चमचा गेला. दुसऱ्याला आप्पांनी हात पुढे केला. पंजा उताणा. हात खाली येत नव्हता. पालथा केला. "मुडद्या." आवाज आता बारीक झाला होता.

मी वाटी खाली ठेवली. उठले, पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना नीट दिसेन अशी. आणि मूठ वर केली. डोक्याच्या वर, कोपर सरळ, तात्यानं केली होती तशी.

आप्पा बघत राहिले. मुठीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा मुठीकडे. मग त्यांचा हात सावकाश चादरीवर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी एक लांब श्वास सोडला. पाळी संपवून बांधावर टेकताना सोडायचे, तसा.

मी गेले आणि खिडकी उघडली.

*

सोमवारी गाडी आली ती पुण्याला न जाता वरकुट्याला गेली. पुन्हा चौघं, पुन्हा खुर्ची, पुन्हा तोच जिना. वळणावर मला धास्ती होती, पण आप्पांनी कठड्याला हात लावला नाही. दादानं चारीच्या कडेला लिंबाखाली खाट टाकली होती. दुपारी तिथे, रात्री घरात. पुढच्या आठवड्यात पाण्याची पाळी आली. खाटेपासून हातभर अंतरावरून पाणी वाहत होतं आणि आप्पा मान वळवून ते बघत होते. तात्यानं आणलेल्या उसाचा रस मी बोटानं त्यांच्या ओठाला लावला. जीभ बाहेर आली, चाटला. आणखी लावू का, असं मी बोट पुढे करून विचारलं. त्यांनी डोळे मिटले. मी हात मागे घेतला. इतकं सोपं होतं ते.

मी कॉलेजला रजा टाकून तिथेच राहिले. सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत आप्पांनी मला एकदाही "मुडद्या" म्हटलं नाही. दादाला म्हटलं, तात्याला तर रोज, चारीवर पाणी प्यायला आलेल्या शेजाऱ्याच्या कालवडीलाही. मला नाही. मी त्यांना पाजलं, पुसलं, कूस बदलताना चुकून दुखवलंसुद्धा. ते नुसते बघायचे.

एका सकाळी मी तात्याला विचारलं, "माझ्यावर रागावलेत का हो?"

"रागावंल कशाला?" तात्या खोरं धूत म्हणाला. "मूठ दिसल्यावं कोन शिव्या देतं गं?"

पाडव्यानंतर आप्पा गेले. नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर दादानं अस्थी सोडल्या. पात्रात पाणी बेताचंच होतं, तरी जात होतं पुढे.

*

त्याला आता तीन शिमगे झाले. मी त्याच खोलीत वह्या तपासत बसते. हुप्प्या येत नाही, दुसरा एक येतो. खिडकी मी उघडी ठेवते. काड्या उडून आत येतात, वह्यांवर पडतात, बोटांना काळं लागतं. यजमान म्हणतात, अगं लाव ती. मी लावत नाही. वर्गातली ती मागच्या बाकावरची मुलगी रोज माझ्याकडे अपेक्षेनं बघते आणि मी रोज दुसराच धडा काढते. तिला सांगायचं काय? चिंपांझी शिव्या देतात का? देत असतील. आपलं कुणी पाहत नाही, ऐकत नाही, तोवर देत असतील. आणि हात उताणा केला म्हणजे तो मागतोच आहे असं धरून चालू नकोस, बाई. आधी बघ, तो कुठल्या बांधावर उभा आहे.

ज्या शब्दासाठी मी नऊ आठवडे खिडक्या बंद केल्या, तो या घरात आता कुणी उच्चारत नाही. कधीकधी वाटतं, आप्पांनी जाता जाता एकदा तरी म्हणायला हवं होतं. शेवटचं, माझ्यापुरतं.

काल होळी होती. खाली बोंबा चालल्या होत्या. मी वही पुढ्यात घेऊन बसले होते, हातात लाल पेन. कुणीतरी कुणाला तरी लांबून, अगदी पल्ल्याच्या आवाजात हाक मारली, "ए मुडद्या!"

पेन खाली पडलं. माझा हात वर गेला होता. कोपर सरळ, मूठ घट्ट.